वीतभर गाळ

जपून ठेवायला दिलेला तळ्याचा गाळ मी नवरात्रात घटाला घातला आणि त्यात गहू पेरला.

एवढं आधी सांगून मोकळं झालेलं बरं. कारण ही हकिगत सांगायला बसलो की मी सुरुवात पावसापासून करतो, मग शेतरस्त्याच्या चिखलाकडे वळतो, तिथून माझ्या गुडघ्यावर येतो, आणि शेवटी ऐकणाऱ्याला वाटू लागतं की यात या माणसाचा काही दोष नाही, दोष असला तर हवामानाचा. असं होऊ लागलं की बायको आतून ओरडते, "आधी गहू सांगा!" म्हणून आधी गहू सांगितला.

मी भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त. दिवाळी झाली की अर्धं गाव बिऱ्हाड गाडीत टाकून ऊसतोडीला जातं आणि वर्गातले मागचे बाक रिकामे होतात, अशा पाथर्डीकडच्या एका गावात मी जन्मभर पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. शिकवायला अवघड नव्हतं. खिडकीबाहेर बोट दाखवलं की धडा संपायचा.

माझ्या वर्गातली एक मुलगी, आईबाप तोडीला गेले की मावशीकडे राहून शाळा करणारी, पुढे पुण्याला गेली आणि तिथं तळ्यांच्या गाळावर संशोधन करू लागली. हे कळल्यावर गावातली एकही टपरी मी सोडली नाही. "तिला मातीची गोडी मी लावली," असं मी चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत असे. ज्या पोरीचं बालपण ढेकळांत गेलं तिला माती दाखवायला मास्तर कशाला लागतो, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मला तर तो पडलाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती आली. गावाच्या वरच्या अंगाला आमचं जुनं तळं आहे. ते आटतं, पण मधला डोह कधी उघडा पडत नाही. तिला तोच हवा होता. तळ कोरडा पडला की भेगाळतो, वरचं खाली जातं, सगळा घोळ होतो. डोहातला गाळ मात्र जसा बसला तसा राहतो, असं तिनं सांगितलं. मी मान डोलावली. मला हे ठाऊक नव्हतं, पण मास्तराची मान सवयीनं डोलते.

कमरेएवढ्या पाण्यात उतरून आम्ही पीव्हीसीचा जाड पाइप तळात दाबला, वरून लाकडी मोगरीनं ठोकला आणि वरचं तोंड बंद करून उपसला. आत गाळाचा उभा दंडगोल तसाच्या तसा वर आला. पाइप धरायचं काम माझ्याकडे होतं. ते करताना माझी एक चप्पल तळानं गिळली. पुढेमागे कुणी इथं पाइप घातला तर त्याला आमच्या काळातली चप्पल सापडेल आणि तो माझ्यावर प्रबंध लिहील, असं मी म्हणालो. ती हसली. तिच्यादेखत मी केलेला शहाणपणाचा विनोद बहुधा तो शेवटचाच.

काठावर बसून तिनं एक आखूड पाइप मला दाखवण्यासाठी उभा चिरला. आत पट्टेच पट्टे. फिकट वाळूसर पट्टा म्हणजे ओढ्यानं पावसाळ्यात लोटून आणलेला, त्यावर बारीक काळा, तो पाणी निवळल्यावर सावकाश बसलेला. दोन्ही मिळून एक साल. कुठं हे साल बोटभर जाड, कुठं दोऱ्याएवढं. एका जागी नुसते दोरेच दोरे, एकाला एक चिकटून.

"इथं लागोपाठ पाऊस रुसलाय, सर."

"कोणत्या सालांत?"

"तेच तर शोधायचंय. आपल्याकडं दुष्काळ एकटा येतो का टोळीनं, आणि टोळी किती वर्षांनी फिरून येते. तहसीलच्या पर्जन्यमापकाला अलीकडचं माहितीय. त्याच्या आधीचं ह्या चिखलाशिवाय कुणालाच ठाऊक नाही."

"मग साल मोजायचं कसं?"

"भाकरीची चवड धरा. सगळ्यात वरची आजची, तिच्याखाली कालची. वरच्या भाकरी तहसीलच्या आकड्यांशी ताडून बघायच्या. त्या जुळल्या की खात्री पटते, मग खाली मोजत जायचं. वरच्याच कुणी उचलून नेल्या, तर खालची कितवी, हे कशाच्या जोरावर सांगणार?"

"बरोबर," मी म्हणालो. अगदी तोंडी परीक्षेत गुण द्यावेत तसं.

लांब पाइप आम्ही दोन काढले. दोन्ही एका गाडीनं नकोत, वाटेत काही झालं तर जोड हवी, म्हणून एक तिनं नेला आणि एक माझ्याकडे ठेवला. दोन्ही टोकांना टोपणं, त्यावर चिकटपट्टी, एका टोकाला तिच्या अक्षरात 'वर'. "सर, उभाच ठेवा. हलवू नका. बाकी काही करायचं नाही." एवढंच काम. मी तो मधल्या अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या गजांना बायकोच्या जुन्या साडीच्या पट्टीनं बांधला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. "ह्यात पाऊस उभा केलाय," मी म्हणायचो. लोक पाइपाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि चहा पिऊन जायचे.

यंदा भादव्यात पाऊस जो लागला तो उघडायला तयार होईना. घटस्थापना जवळ आली. आमच्याकडे घटाला काळी, मऊ, खड्यागोट्याशिवायची माती लागते. ती आणायचं काम पुरुषमाणसाचं. बायको दोन-चार दिवस आधीपासून म्हणत होती आणि मी 'आणतो' म्हणत होतो. घटस्थापनेच्या सकाळी ती न्हाऊन, पत्रावळ मांडून, सात धान्यं वाटीत काढून बसली.

"माती?"

"निघालोच."

निघालो खरा. शेताच्या वाटेवर पाय घोट्यापर्यंत रुतला, गुडघ्यातून कळ आली, आणि वर पावसाची सर. मी अर्ध्यातून परत फिरलो. मागच्या दारानं घरात शिरलो तर समोर पाइप.

इथं माझ्या डोक्यात जे चाललं ते सांगायला हवं. मास्तराला मूर्खपणा सुचला तरी तो मुद्देसूद सुचतो. मी म्हटलं, वरची वीतभर माती म्हणजे काय? अलीकडची वर्षं. ती तर मी स्वतः अंगावर काढली आहेत. तेव्हा पाऊस किती पडला हे चिखलाला कशाला विचारायचं? मला विचारा! संशोधकांना हवा असतो जुना काळ. तो खाली आहे, त्याला मी शिवतसुद्धा नाही. वरचा पसारा काढून दिला तर उलट तिचं कामच हलकं होईल.

भाकरीची चवड त्या वेळी आठवली नाही असं नाही. आठवली. पण चिखलात परत जायचं म्हटल्यावर माणूस आठवलेलं विसरू शकतो.

चिकटपट्टी सोडवली, टोपण काढलं आणि स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं वीतभर गाळ घमेल्यात काढला. लोण्यासारखा. मग पोकळी दिसू नये म्हणून अंगणातल्या तुळशीच्या कुंडीतली माती तेवढीच वर भरली, दाबली, टोपण बसवलं, पट्टी चिकटवली. आळस म्हणावा तर तो इथवर येऊन संपला होता. कुंडीतली माती भरली ती मात्र शुद्ध लबाडी, आणि ती करताना माझा गुडघा अजिबात दुखला नाही.

बायकोनं माती हातात घेतली आणि तिचा चेहरा फुलला. "अवो, काय मऊ हाय! एक खडा न्हाई. कुठली?"

"तळ्याची," मी म्हणालो. खोटं तरी कुठं होतं?

तिनं ती पत्रावळीवर पसरली, सात धान्यं मिसळली, वर पाणी शिंपडलं, मधोमध घट ठेवला. दिवा लागला. मी हात जोडले. काय मागितलं ते आठवत नाही, पण क्षमा नक्कीच मागितली नाही.

तिसऱ्या माळेला पुण्याहून फोन आला.

"सर, आपला पाइप नीट आहे ना?"

"आहे की. का गं?"

"बरं झालं बाई! इकडचा उघडला तर वरचा भाग सगळा घुसळलेला. रस्त्यानं ताक केलं त्याचं. खालचं छान आहे, पण वरचं तुमच्याकडच्यातूनच घ्यावं लागणार. तो इतके महिने जागचा हललेला नाही, म्हणजे थर नीट बसले असतील. आता सगळं त्याच्यावरच आहे, सर. दिवाळीनंतर प्रबंध दिला तरच कॉलेजातली ती जागा मिळतेय. आणि तळं तर भरलंय म्हणतात, आता उन्हाळ्याशिवाय डोहात कोण उतरणार?"

सांगण्याची ती वेळ होती. जीभ उचललीही होती. पण तिनं 'बरं झालं बाई' इतक्या मोकळ्या सुरात म्हटलं होतं की माझ्या तोंडून निघालं, "काळजी करू नकोस. जपून ठेवलाय."

फोन ठेवला आणि घटाकडे बघितलं. गहू उगवला होता.

आणि काय उगवला होता! दरवर्षी आमच्या घटाला पिवळट, मरतुकडं धान येतं. यंदा पोपटी, दाट, रोज चढत्या कमानीनं. गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. "मास्तरीणबाई, माती कुठली म्हणायची?" "सरांनी आणली, तळ्याची," बायको सांगायची, आणि इतक्या वर्षांच्या संसारात माझं नाव तिच्या तोंडी पहिल्यांदाच कौतुकानं येत होतं. प्रत्येक कौतुकाला मी उठून बाहेर जायचो. बायकोला वाटलं, लाजतात.

पाचव्या माळेला मुलगी पाइप न्यायला आली. मोहट्याच्या देवीला निघालेल्या माणसांनी गच्च भरलेल्या जीपमधून उतरली, पाय धुतले आणि आधी घटापुढे बसली. हात जोडून ती बराच वेळ घटाकडे बघत राहिली. मला वाटलं, पोरगी शिकली पण भाविक राहिली.

"बघ गं, काय धान आलंय!" बायको म्हणाली. "तुझ्या सरांनी तळ्याची माती आनली. आख्ख्या गल्लीत असं कुनाचं न्हाई."

"तळ्याची, काकू?"

"व्हय. पहिल्या माळंला, भर पावसात."

"तळ्याला तर काठच राहिला नाही. जीपमधून बघत आले मी. रस्त्यापर्यंत पाणी हाय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी दिव्याकडे बघितलं. दिवा नीट जळत होता, त्याला माझ्या मदतीची गरज नव्हती.

मुलगी उठली आणि मधल्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग. तिनं चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. तिनं मारलेली पट्टी सरळ होती, माझी सुरकुतलेली. तिनं टोपण काढलं नाही, त्याखाली पाइपावर बोटानं वाजवून बघितलं. मागे न वळता विचारलं, "किती काढलं, सर?"

"वीतभर."

"मग वरपर्यंत भरलेला कसा लागतोय?"

आता बोलणं भाग होतं. बोललो नसतो तर तुळशीची कुंडी तिच्या प्रबंधात जाऊन बसली असती. "ती... तुळशीची आहे."

"माझ्या तुळशीची?" बायको म्हणाली. मग तिच्या लक्षात एकेक येत गेलं आणि आवाज खाली आला. "म्हंजी घटात हाय ती ह्या पोरीची माती? सांबाळायला दिल्याली?"

मी मान डोलावली. या वेळी सवयीनं नाही.

बायको घटापाशी गेली. नवरात्रात बसवलेला घट हलवायचा नसतो. आमच्या घरात कितीही उलथापालथ झाली तरी ते कधी झालेलं नाही. तिनं नारळावर हात ठेवला. "पोरी, तुझं काम अडत असंल तर मी आत्ता उचलते. देवीचं मी बघते. तिला बी कळतंय घरात गाढव कोन हाय ते."

मुलीनं पुढे होऊन तिचा हात धरला. "नको, काकू. उचलून उपयोग नाही. माती हाय तिथंच हाय, पर क्रम गेला. कुठली आधी, कुठली नंतर, आता कुणालाच सांगता यायचं नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला समजूत घालायचं काहीतरी काम मिळालं असतं. ती नुसती पाटावर बसली आणि गव्हाच्या एका पातीवरून बोट फिरवत राहिली. तिच्या बोटाखाली अलीकडचे सगळे पावसाळे एकमेकांत कालवून, पाणी शिंपडून, हिरवे झाले होते. आयुष्यात मला बऱ्याच वेळा लाज वाटली आहे. वर्गात चुकीचा नकाशा टांगून तासभर शिकवलं आहे, आपल्या पाहुण्याचं समजून भलत्याच लग्नात जेवून आहेरही देऊन आलो आहे. त्या सगळ्या लाजा सांगताना मी हसतो. ही सांगताना नाही.

आणि तरीही गप्प बसवेना. मूर्ख माणसाला भरपाई करायची घाई फार.

"असं करू," मी म्हणालो. "वरची वर्षं मला पाठ आहेत. मी सांगतो, तू लिहून घे. आमच्या थोरल्याच्या लग्नाचं साल कोरडं. मांडवाला पाणी टँकरनं आणलं होतं."

"टँकर आनला तो नातवाच्या बारशाला," बायको म्हणाली. "लग्नात तर वळवानं मांडव उडून गेल्ता. पाव्हनं शाळंत झोपलं."

"बरं, मग ते ओलं साल."

"एका वळवानं साल ओलं व्हतंय व्हय? पुढं सगळा पावसाळा कोरडा गेला."

"मग कोरडं. आधी म्हटलं तेच की! आणि ओढ्यावरचा पूल वाहून गेला ते त्याच्या पुढचं. तेव्हा ही नववीत होती."

"सातवीत, सर," मुलगी म्हणाली. "नववीत मी बैल घेऊन छावणीवर होते. चारा नव्हता कुठं. तुम्ही गैरहजेरी मांडली होती माझी."

पूल, मांडव, बारसं, छावणी यांची आम्ही थोडा वेळ ओढाताण केली. माझ्या आठवणीतला पाऊस बायकोच्या आठवणीत ऊन होता, आणि दोघांच्या मधल्या एका सालावर मुलगी म्हणाली की त्या वर्षी ती इथं नव्हतीच, आईबापांनी तिला मावशीकडे न ठेवता फडावर नेलं होतं. 'मला विचारा' म्हणणारा मी. विचारल्यावर माझ्याकडून निघालं ते हे.

ती उठून अंगणात गेली आणि प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. मी दाराआड उभा राहिलो. "नाही मॅडम, वरचं राहिलं नाही... नाही, फुटला नाही... चोरी नाही... घरगुती कारण झालं." मग बराच वेळ ऐकणं. मग, "हो. उन्हाळ्यातच. पुन्हा पहिल्यापासून."

घरगुती कारण. माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

"जागा तोवर थांबेल का गं?" मी विचारलं.

"नाही बहुतेक," ती म्हणाली. "बघू."

बायकोनं तिला साबुदाण्याची खिचडी वाढली, वर दोनदा आग्रह केला. मला वाढली नाही. माझा उपास नव्हता, पण त्या दिवशी तो झाला. जेवून मुलीनं पाइपाची साडीची पट्टी सोडली. खालचा गाळ तरी शाबूत होता, तो तिला न्यायचा होता. मी उचलू लागायला पुढे झालो, तर तिनं पाइप आधीच उभाच्या उभा छातीशी धरला होता, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसलेल्या तान्ह्या लेकरासारखा.

रस्त्यावर जीपची वाट बघत आम्ही तिघं उभे राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"उन्हाळ्यात ये तू," मी म्हणालो. "पाइप धरायला मी आहेच."

शाळेत असल्यापासून तिनं मला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. पाइप सावरत ती म्हणाली, "नको, सर. तुम्ही घरीच बसा."

जीप आली. बायकोनं तिला आत बसवलं, पाइपाला धक्का लागू नये म्हणून आपला पदर मध्ये धरून दार लावलं आणि खिडकीतून म्हणाली, "ह्यांना मी घरीच ठिवते, पोरी. पर तू आमच्या घरात काय बी ठिवून जाऊ नकोस."